टाकीत पडलेल्याच्या मागे कोणी उतरायचं?

बातमी बहुतेक वेळा चार ओळींची असते. टाकी साफ करायला एकजण उतरला, तो वर आला नाही. काय झालं ते बघायला दुसरा उतरला. दोघांना काढायला तिसरा. कधी ती जहाजाची टाकी असते, कधी ट्रॉलरचा होल्ड म्हणजे मासळी ठेवायची कोठी, कधी सांडपाण्याची टाकी. शेवटचे शब्द ठरलेले: 'गुदमरून मृत्यू'. वाचणाऱ्याला वाटतं, असेल कसलातरी विषारी वायू. आणि मनात एक प्रश्न राहून जातो. पहिला पडलेला डोळ्यांनी दिसत असताना दुसरा उतरलाच कसा?

मी बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर नोकरी केली, आता वास्कोला घरी असतो. माझा भाचा पुढच्या महिन्यात कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढतोय. त्याची आई, माझी धाकटी बहीण, मला वादळांबद्दल विचारत होती. मी वादळांबद्दल थोडं सांगितलं आणि टाक्यांबद्दल पुष्कळ. ते सगळं इथे लिहून काढतोय, कारण गोव्यात कितीतरी घरांतलं कोणीतरी जहाजावर, बार्जवर (खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर) नाहीतर ट्रॉलरवर असतं आणि ही गोष्ट घरच्यांनाही ठाऊक असायला हवी.

जहाजावरचा अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आग येते. जुलै २०२४ मध्ये गोवा-कारवारच्या समुद्रात 'मर्स्क फ्रँकफर्ट' हे कंटेनर जहाज पेटलं, एका खलाशाचा जीव गेला, तटरक्षक दलाची जहाजं कितीतरी दिवस पाणी मारत होती. नाहीतर कांदोळीच्या किनाऱ्यावर २००० साली येऊन रुतलेली 'रिव्हर प्रिन्सेस' आठवते, वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलेली. हे अपघात दिसतात, त्यांचे फोटो निघतात. टाकीतल्या अपघातात मात्र धूर नसतो, आवाज नसतो, पाणी शांत असतं आणि जहाज बऱ्याचदा बंदरात नांगरलेलं असतं.

आधी 'बंद जागा' म्हणजे काय

जहाजाच्या पोटात माणसाने राहावं म्हणून न बांधलेल्या कितीतरी जागा असतात. तोल राखण्यासाठी समुद्राचं पाणी भरायची बॅलास्ट टाकी, तळाच्या दोन पत्र्यांमधली पोकळी, नांगराची साखळी जिथे गोळा होते ते चेन लॉकर, माल भरायचे होल्ड, होल्डमध्ये उतरायच्या शिडीचा कोंदट बोळ. आत जायची वाट लहान, हवा खेळती नाही आणि माणूस सतत तिथे काम करेल असा विचार करून ती बांधलेली नाही. या तीनपैकी एक लक्षण दिसलं तरी ती बंद जागा. वरचं झाकण उघडं आहे म्हणून ती 'उघडी' होत नाही.

आता हवेबद्दल. आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. हा आकडा थोडा खाली आला की नजर आणि विचार मंदावतात. दहाच्या खाली गेला की माणूस बेशुद्ध पडतो. पाच-सहावर आला तर एक-दोन श्वास पुरतात.

खरा घात पुढेच आहे. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला ठाऊक आहे, पाण्याखाली श्वास रोखून धरल्यावर होते ती, ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे होत नाही. ती होते शरीरातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही म्हणून. स्कूटरचं उदाहरण घ्या. सायलेन्सर तुंबला की ओरडणारा भोंगा आपल्या शरीरात बसवलेला आहे, पण पेट्रोल संपत आल्याचं सांगणारा काटाच नाही. ऑक्सिजन नसलेल्या टाकीत माणूस नेहमीसारखा श्वास सोडत असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, भोंगा गप्प राहतो. छाती भरून येत नाही. गुडघ्यांतलं बळ जातं आणि माणूस खाली बसतो. म्हणून वरून बघणाऱ्याला वाटतं, 'पाय घसरून पडला.'

मागून उतरणाऱ्या दुसऱ्या माणसाला तेवढ्यासाठी मूर्ख म्हणू नका. त्याला दिसलेलं असतं ते एवढंच, की मित्र घसरला.

हवा जाते कुठे?

बहुतेकांना वाटतं, टाकीत काहीतरी विषारी शिरलेलं असणार. पुष्कळदा काहीच शिरलेलं नसतं. उलट टाकीतला ऑक्सिजन निघून गेलेला असतो, आणि तो खाल्लेला असतो टाकीच्याच लोखंडाने.

गंज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन एकत्र येणं. मुरगावच्या खाऱ्या हवेत खिडकीचे गज कसे फुलतात ते इथे कुणाला सांगायला नको. फक्त खिडकीला बाहेरून नवी हवा मिळत राहते, बंद टाकीला मिळत नाही. मी भाच्याला कागदावर हिशेब करून दाखवला. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद, दोन मीटर उंच अशी टाकी धरली तर आत शंभर घनमीटर हवा. त्यात ऑक्सिजन साधारण २७ किलो. तो २१ टक्क्यांवरून १० वर यायला सुमारे १५ किलो ऑक्सिजन जावा लागतो. तेवढा ऑक्सिजन गिळायला गंजावं लागतं जेमतेम ३५ किलो लोखंड. टाकीच्या भिंती, तळ आणि छत मिळून १६० चौरस मीटर पत्रा झाला. त्यावर हे ३५ किलो पसरलं तर थर होतो ०.०३ मिलिमीटरहून कमी. डोक्यावरच्या केसापेक्षा पातळ.

म्हणजे केसाहून पातळ गंज चढायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात ती टाकी माणूस मारण्याजोगी होऊ शकते. रंग उडालेला असेल आणि तळाला खारं पाणी साचलेलं असेल तर त्याला काही वर्षं लागत नाहीत. भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला होता.

लोखंडाखेरीज मालही हवा खातो. मुरगाव बंदरात कोळसा उतरतो. कोळसा होल्डमध्ये पडल्या पडल्या ऑक्सिजन शोषत राहतो, आणि वर कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन सोडतो. पहिला विषारी, दुसरा स्फोटक. लाकडाचंही तसंच आहे, ते निरुपद्रवी वाटतं म्हणून जास्त फसवतं. मे २०१४ मध्ये इंग्लंडच्या गूल बंदरात 'सुंटिस' या जहाजावर तिघे खलाशी होल्डच्या शिडीच्या बोळात मरण पावले. माल होता कापलेल्या लाकडाचा, आपण घराच्या छपराला वापरतो तसल्या. नंतर मोजलं तेव्हा शिडीच्या तळाशी ऑक्सिजन ५ ते ६ टक्के निघाला.

मला या बोळाची खास धास्ती वाटते. होल्डचं मोठं झाकण सताड उघडं असतं, क्रेन आत-बाहेर करत असते, ऊन आत पडलेलं असतं. त्यामुळे बाजूच्या बंद शिडीच्या बोळातही हवा असणारच असं सगळे धरून चालतात. तो बोळ मात्र स्वतंत्र डब्यासारखा असतो, तळाशी मालाला जोडलेला. जहाजावरचे लोक आणि बंदरातले कामगार दोघांनाही या शिडीने उतरावं लागतं.

'काही असलं तर वास येईलच की'

ऑक्सिजन नसण्याला वास नाही. कार्बन मोनॉक्साइडला नाही. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडला, कुजक्या अंड्यासारखा. सेंद्रिय घाण साठून कुजली की हा वायू होतो. मासळीचा होल्ड, सांडपाण्याची टाकी, बिल्जमधलं, म्हणजे जहाजाच्या अगदी तळाशी साचलेलं पाणी, सगळीकडे. पण तो फार झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आधी वास आला, मग थांबला, म्हणून 'गेला वाटतं' असं समजून माणूस पुढे सरकतो. वास थांबला तेव्हाच तर धोका वाढलेला असतो.

आमच्या आजोळी, पेडण्याकडे, विहिरीला बांय म्हणतात. पावसाआधी बांय उपसायची असली की आजोबा दोरीने पेटता कंदील खाली सोडायचे. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं हे शहाणपण होतं, आणि त्यातली मूळ गोष्ट आजही खरी आहे: आधी हवा तपासा, मग माणूस. कंदील मात्र जहाजावर चालत नाही. टाकीत मिथेन किंवा तेलाची वाफ असली तर त्या ज्योतीने स्फोट होईल. शिवाय कार्बन मोनॉक्साइडने माणूस मरत असतो तेव्हाही कंदील निवांत जळत राहतो.

मग मोजायचं कसं?

माझ्या पहिल्याच जहाजावरची गोष्ट. बॅलास्ट टाकीचं मॅनहोल उघडलेलं होतं, साधारण साठ बाय चाळीस सेंटिमीटरचं लंबगोल भोक. मी वाकून आत बघत होतो आणि हातातली बॅटरी निसटली. ती पहिल्याच पायरीखालच्या पट्टीवर अडकली, पेटलेलीच. हात लांब केला असता तर मिळाली नसती, पण तीन पायऱ्या उतरलो असतो तर मिळाली असती. मी एक पाय आत टाकला. मागून कॉलर धरून कोणीतरी मला असं ओढलं की मी डेकवर बसलो. आमचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, रत्नागिरीकडचा. "बॅटरी स्टोअरात आहेत वीस," तो म्हणाला. "तुझ्या आईला दुसरा मुलगा स्टोअरातून देऊ का?"

मग त्याने हवेतला ऑक्सिजन मोजायचा मीटर आणला. त्याला लांब रबरी नळी जोडली, नळी टाकीत सोडली आणि हातातला रबरी फुगा दाबत राहिला. नळी जितकी लांब तितके जास्त वेळा दाबायचा, नाहीतर मीटर नळीतलीच जुनी हवा मोजत बसतो. सुरुवातीला आकडा २०.९ होता. मला वाटलं, बघा, काही नव्हतं. त्याने नळी आणखी खाली सोडली. १९.४. मीटर कर्कश ओरडायला लागला. १७. मग १४ च्या आसपास येऊन आकडा थांबला. माझी बॅटरी वर पट्टीवर तशीच जळत होती.

आजचे मीटर छोटे, खिशात मावणारे, चार वायू एका वेळी दाखवणारे आहेत: ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड. पद्धत तीच. वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजायचं, कारण मिथेन हलका म्हणून वर जातो, जड वायू तळाशी बसतात. त्याआधी ब्लोअर लावून टाकीत ताजी हवा भरायची, आणि माणूस आत असेपर्यंत तो बंद करायचा नाही. मोजताना मात्र ब्लोअर थांबवायचा, नाहीतर मीटर ब्लोअरचीच हवा मोजतो. ऑक्सिजन २१ टक्क्यांवर स्थिर दिसला तरच उतरायचं. १९ दिसला आणि 'चालेल' म्हटलं, असं नाही. उरलेले दोन टक्के कोणी खाल्ले याचं उत्तर आधी मिळायला हवं.

हे सगळं एका कागदावर लिहून, सह्या करून मगच उतरायचं असतं. त्या कागदाला पर्मिट म्हणतात. कोण उतरणार, किती वेळ, हवा कोणी कधी मोजली, बाहेर उभा कोण राहणार, आतल्या-बाहेरच्यांचं बोलणं कसं होणार. पर्मिटला मुदत असते. जेवायला बाहेर आलात तर परत उतरताना पुन्हा मोजायचं.

'आम्ही कितीदा उतरलो, काही नाही झालं'

हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकलं आहे, आणि ते खोटं नसतं. दहापैकी नऊ टाक्यांत हवा ठीकच असते. म्हणून तर माणूस ढिला पडतो. नऊ वेळा मीटर २०.९ दाखवतो आणि दहाव्या वेळी तो केबिनमध्येच राहतो.

त्यात घाई असते. माल उतरून झाला की चोवीस तासांत होल्ड धुऊन पुढच्या मालासाठी चकाचक हवा. होल्ड तपासणारा सर्वेअर सकाळी येणार. माणसं मोजकी, ती रात्रभर जागलेली. अशा वेळी पर्मिट टाकीपाशी भरलं जात नाही, ऑफिसात बसून भरलं जातं, आकडे अंदाजाने. आमच्या धंद्यात याला 'फ्लॉग करणं' म्हणतात. काम न करता नोंद करणं. मी ते पाहिलं आहे, आणि हुद्द्याने लहान असताना एकदा-दोनदा वरून सांगितलं म्हणून सहीसुद्धा केली आहे. आज त्या सह्या आठवल्या की झोप उडते.

नियम नाहीत असं नाही. जहाजांचे नियम ठरवणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था म्हणजे आयएमओ. तिने बंद जागांत उतरण्याच्या शिफारशी १९९७ मध्ये लिहिल्या, २०११ मध्ये सुधारल्या, जून २०२५ मध्ये पुन्हा नव्याने केल्या. नव्या शिफारशींत प्रत्येक जहाजाने आपल्या सगळ्या बंद जागांची नोंदवही ठेवायची आहे, आणि त्यांना जोडून असलेल्या जागांचाही विचार करायचा आहे, मघाच्या शिडीच्या बोळासारख्या. टाकीतून माणूस काढायचा सराव दर दोन महिन्यांनी करणं २०१५ पासून सक्तीचं आहे. जहाजावर स्वतःचा मीटर असणं जुलै २०१६ पासून सक्तीचं आहे.

भाच्याने विचारलं, "मामा, पण चीफ ऑफिसरच म्हणाला, मोजायची गरज नाही, उतर, तर मी कॅडेट काय बोलणार?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्याला सांगितलं, वाद घालू नकोस, 'नाही' म्हणू नकोस, फक्त म्हण: "सर, मीटर घेऊन येतो." आणि चालायला लाग. हातात मीटर घेऊन आलेल्या पोराला तसाच खाली पाठवणारा अधिकारी विरळा. तरीही पाठवलंच, तर न उतरण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. कंपनीत किनाऱ्यावर सुरक्षिततेसाठी नेमलेला एक माणूस असतो, त्याचा नंबर जहाजावर लावलेला असतो. तो नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्यायचा.

'हे मोठ्या जहाजांचं झालं'

नाही. मला उलट घरच्याच पाण्याची जास्त काळजी वाटते. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. मांडवी आणि झुआरीतल्या कितीतरी बार्ज वर्षानुवर्षं नांगरून पडल्या. बार्जच्या दोन्ही बाजूंना आणि तळाला बंद पोकळ्या असतात. त्या झाकणं आवळून खाऱ्या दमट हवेत इतकी वर्षं राहिल्या की आत काय झालं असेल ते वरच्या हिशेबावरून तुम्हीच ताडा. आता दुरुस्तीसाठी अशी बार्ज धक्क्याला लागते, तेव्हा आत उतरतो तो रोजंदारीवरचा वेल्डर किंवा रंगारी. त्याला ना मीटर ठाऊक, ना पर्मिट.

ट्रॉलरचंही तेच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मालीमची जेटी असो की कुटबणची, जुलैच्या शेवटी होल्डची झाकणं उघडली जातात. आत जुनं पाणी, मासळीचे अवशेष, बर्फाचा चिखल, वर दोन महिने बंद. तांडेलांना माझी हात जोडून विनंती आहे: झाकण उघडलं त्या दिवशी कोणालाही उतरवू नका. आधी पंपाने पाणी काढा, पंखा लावून हवा भरा, आणि चार ट्रॉलरमालकांत मिळून एक मीटर घ्या. डिझेलचा पंप मात्र आत उतरवू नका, त्याचाच धूर माणूस मारतो. तोंडाला रुमाल किंवा कोविडचा मास्क लावून काही होत नाही. मास्क धूळ अडवतो, नसलेला ऑक्सिजन आणून देत नाही.

'म्हणजे माणूस मरताना बघत बसायचं?'

२३ सप्टेंबर २००७. उत्तर समुद्रात 'व्हायकिंग आयला' नावाचं जहाज. नांगराची साखळी आपटून आवाज करत होती, म्हणून दोघे खलाशी ती बांधायला गेले. एकजण चेन लॉकरमध्ये उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने मदत मागितली, पण मदत येईपर्यंत त्याला राहवलं नाही, तोही उतरला. तिसरा पाठीवर हवेची नळकांडी घेऊन, म्हणजे बीए सेट लावून आला. सेटसकट तो झाकणातून मावेना. मग त्याने सेट उतरवला आणि आगीतून पळून जाण्यासाठी असतो तो छोटा टोप घालून खाली गेला. तो टोप दहा-पंधरा मिनिटांचा, फक्त बाहेर पळण्यापुरता. तिघेही गेले. विष नव्हतं. लॉकरच्या गंजाने ऑक्सिजन खाल्ला होता.

यात एकही माणूस बेजबाबदार नव्हता. दुसरा आणि तिसरा तर जहाजावरचे सर्वांत चांगले सोबती असावेत. म्हणूनच नुसतं 'उतरू नका' म्हणून भागत नाही. समोर मित्र पडलेला असताना हातावर हात ठेवून उभं राहणं कुणाला जमत नाही, आणि जमायलाही नको. मॅनहोलपाशी उभ्या राहणाऱ्याला दुसरं काम द्यावं लागतं, आणि ते सरावाने अंगात मुरवावं लागतं. सरावात पोत्याचा बाहुला टाकीत टाकतात आणि सेट, दोरी, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे) लावून तो बाहेर काढतात. पहिल्यांदा करताना कळतं की ऐंशी किलोचं धूड त्या लंबगोल भोकातून काढायला चार माणसं आणि वर कप्पी लागते. एकटा उतरणारा, त्याला हवा मिळाली असती तरी, कोणालाही बाहेर काढू शकला नसता.

भाच्याने वहीचं मागचं पान उघडलं आणि मी सांगितलं ते लिहून घेतलं. अलार्म. वॉकीटॉकीवर ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला: कुठली टाकी, आत माणसं किती. घड्याळ बघून वेळ. ब्लोअर चालू आहे का. जागा सोडायची नाही, दुसऱ्या कुणाला सेटशिवाय उतरू द्यायचं नाही, तो अधिकारी असला तरी.

"वेळ कशाला लिहायची?" त्याने विचारलं.

कारण बीए सेटमधली हवा साधारण अर्धा तास पुरते, धावपळीत त्याहून कमी. जो उतरणार, तो किती वाजता उतरला आणि किती वाजता त्याला परत बोलवायचं, हे आत असलेल्याला आठवत नाही. ते बाहेर उभा असलेलाच सांगू शकतो.